गृहकर्जाचा हप्ता आणि आंबेडकरी घरातली लोकशाही

आपल्या बैठकांत आरक्षणावर बोलले जाते, अ‍ॅट्रॉसिटीवर बोलले जाते, संविधानावर तर बोलले जातेच. पण बैठकीला बसलेल्या दहा कार्यकर्त्यांपैकी किती जणांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कर्ज ही घरातली गोष्ट, ती बाहेर काढायची नाही, असा आपला समज आहे. मला तो समज मान्य नाही. ज्या गोष्टीमुळे माणसाची वीस वर्षांची कमाई आणि वीस वर्षांची हिंमत बांधली जाते, ती चळवळीचीच गोष्ट असते.

मी मावळातला. वडगावजवळ एक वन बीएचके फ्लॅट घेण्यासाठी जून २०१४ मध्ये १८ लाखांचे कर्ज काढले, मुदत वीस वर्षांची. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पूर्ण फिटले, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे आधी. हे कळल्यावर काही मित्रांनी अभिनंदन केले. काहींनी टोमणा मारला, "झाला का रे तूही मध्यमवर्गीय? फ्लॅट, हप्ता, प्रीपेमेंट! चळवळ कुठे गेली?" काही तरुण पोरांनी मात्र नीट विचारले, "दादा, जमवलं कसं? घरात भांडणं नाही झाली?" टोमण्याला आणि प्रश्नाला, दोघांनाही उत्तर देण्यासाठी हा लेख.

घर कशासाठी?

घराच्या प्रश्नाकडे आपण इतरांसारखे पाहू शकत नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या शिकलेल्या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात कसाबसा आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पगार होता, पदवी होती, हुद्दा होता, छप्पर नव्हते. पुढे त्याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि त्यात पुस्तकांसाठी जागा केली. बडोदा ते राजगृह या प्रवासात आपल्या घराच्या प्रश्नाचा सगळा अर्थ आहे.

आज लाठ्या घेऊन कोणी येत नाही. आज आडनाव विचारतात. मी आणि माझी जीवनसाथी लग्नानंतर भाड्याची खोली शोधत फिरलो, तेव्हा सगळीकडे आधी आडनाव, मग गाव, मग "तुम्ही खाता काय?" आणि शेवटी "आमच्या पाहुण्यांनाच द्यायची ठरलीय." स्वतःचे घर ही आपल्यासाठी हौस नाही. हा प्रश्न पुन्हा कोणी विचारू नये, यासाठी मोजलेली किंमत आहे.

आणखी एक गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, लोणावळ्यात एका बंगल्याचे माळी आणि राखणदार होते. बंगला मुंबईच्या शेठचा. वर्षातून पंधरा-वीस दिवस उघडायचा, बाकी वेळ बंद. त्याच्या मागच्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. लोणावळा-खंडाळ्यात असे शेकडो बंगले आहेत, आणि त्यांच्या मागच्या खोल्यांत वाढलेली आमच्यासारखी पोरेही खूप. कोणाचे तरी दुसरे घर सांभाळता सांभाळता ज्यांचे पहिले घर कधी झालेच नाही, अशी ही पिढी.

नानांच्या पिढीला बँकेने कर्ज दिले नाही, कारण गहाण ठेवायला काही नव्हते. गावात होती ती वतनाची जमीन. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली, जमिनी परत मिळाल्या, पण नवीन शर्तीवर. सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत की त्यांचे हस्तांतर करता येत नाही. बँकेच्या दृष्टीने असा उतारा असून नसल्यासारखा. त्यामुळे अडीनडीला सावकार. म्हणून मी जेव्हा करारनामा बँकेत गहाण ठेवला, तेव्हा नाना म्हणाले, "आपल्या घराण्यात बँकेनं विश्वास ठेवलेला तू पहिलाच." गहाण ठेवण्याइतके काहीतरी नावावर असणे, हाही आपल्याकडे एका पिढीचा विजय असतो.

हप्त्याचा हिशेब

विजय खरा, पण त्याची किंमत डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. १८ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. हप्ता येतो महिना १७,३७० रुपये. वीस वर्षांत एकूण भरायचे सुमारे ४१ लाख ६९ हजार. म्हणजे १८ लाखांवर जवळपास २३ लाख ६९ हजार नुसते व्याज.

आता पहिल्या महिन्याचा हप्ता उघडून पाहा. १७,३७० पैकी १५,००० व्याजात जातात, मुद्दल कमी होते फक्त २,३७० रुपयांनी. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले तर खिशातून जातात १० लाख ४२ हजार, आणि मुद्दल घटते १ लाख ८३ हजारांच्या आसपास. पाच वर्षे राबूनही कर्ज १६ लाखांच्या खाली येत नाही! यात बँकेची लबाडी नाही, साधे गणित आहे. व्याज शिल्लक मुद्दलावर लागते. सुरुवातीला मुद्दल मोठे, म्हणून व्याज मोठे.

पण हेच गणित आपल्या बाजूनेही फिरते. सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो आणि त्या रुपयावरचे पुढच्या सगळ्या वर्षांचे व्याज वाचते. वरच्याच कर्जात दरवर्षी फक्त एक हप्ता जास्त भरला, तर कर्ज सोळा वर्षे दोन महिन्यांत फिटते. पगारवाढीबरोबर दरवर्षी हप्ता पाच टक्क्यांनी वाढवत नेला, तर बारा वर्षांच्या आत. यासाठी लॉटरी लागावी लागत नाही.

व्याज म्हटले की आपल्याला सावकार आठवतो. पण व्याजाचा इतिहास याच सह्याद्रीत कोरलेला आहे. ज्या उषवदाताने कार्ल्याच्या लेण्यातल्या भिक्खूंसाठी गाव दान दिल्याचा शिलालेख आहे, त्याचाच नाशिकच्या लेण्यात दुसरा शिलालेख आहे. त्यात त्याने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा दर. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवराचा खर्च भागवायचा. दर, मुद्दल, हेतू, सगळे दगडावर उघड लिहिलेले! कर्जाची भीती बाळगण्याचे कारण नाही. वाचता येणारे कर्ज आणि न वाचता सही केलेले कर्ज, यांत फरक आहे. आपल्या आजोबांनी अंगठा दिला होता. आपण तरी वाचून सही करावी.

हप्ता जीभ बांधतो

आता मुद्द्याचे. लवकर कर्ज फेडण्याचे खरे कारण वाचलेले व्याज हे नाही.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७च्या निवेदनात बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला आहे. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला मूलभूत हक्कांचा उपयोग किती? नोकरी आणि हक्क यांतून एक निवडायची वेळ आली, तर बेकार माणूस हक्क सोडून देतो. कागदावरचे स्वातंत्र्य टिकवायचे तर आर्थिक आधार हवा, हे त्यांचे म्हणणे होते. आजच्या नोकरदाराला हे जसेच्या तसे लागू पडते. तो बेकार नाही, पण दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून हप्ता कापला जातो. त्या पाच तारखेची भीती त्याच्या तोंडावर हात ठेवते.

मी हे जवळून पाहिले आहे. मी जिथे काम करतो तिथे पदोन्नतीत आपल्या पोरांना डावलले गेले, तेव्हा आम्ही निवेदन तयार केले. चौदा जणांनी सही करायची होती. पाच जणांनी केली. उरलेल्या नऊ जणांना मी भित्रे म्हणणार नाही. त्यांतल्या सात जणांवर मोठे कर्ज होते. एक जण मला लोकलमध्ये म्हणाला, "दादा, मन तुमच्याबरोबर आहे, पण बदली झाली तर हप्ता कोण भरणार?" या माणसाला लाचार म्हणून चळवळ पुढे जाणार नाही. त्याचा हप्ता कमी कसा होईल, हे सांगितले तर कदाचित जाईल.

नोकरी कधी जाईल याचाही भरवसा नाही. जनरल मोटर्सने तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवले. हजाराहून अधिक कामगारांच्या घरांवर ती कुऱ्हाड पडली. एमआयडीसी आली म्हणून ज्यांनी मावळात घरे घेतली, त्यांचे हप्ते काही कारखान्याबरोबर थांबत नाहीत.

म्हणून मी म्हणतो, कर्ज जितके लवकर हलके होईल तितका माणूस मोकळा बोलू लागतो. निवेदनावर सही करू शकतो, अन्यायी बदलीविरुद्ध लढू शकतो, वाईट नोकरी सोडू शकतो. प्रीपेमेंट म्हणजे आपल्याच आवाजाची सोडवणूक आहे.

पण कोणाच्या जिवावर?

इथे थांबून दुसरा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो जास्त अवघड आहे. कर्ज लवकर फेडायचे तर पैसा कुठून तरी काढावा लागतो. बहुतेक घरांत तो बाईच्या वाट्यातून निघतो. तिची साडी, तिचा दवाखाना, तिचे शिक्षण, तिची विश्रांती. नवरा अभिमानाने सांगतो, "मी दहा वर्षांत कर्ज फेडलं." त्या 'मी'मध्ये किती जणांचे कष्ट गाडलेले असतात!

बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, या बळावर. इकडे मुंबईत संसार रमाईने ओढला. आपण रमाईच्या त्यागाची गाणी म्हणतो, डोळे पुसतो. ठीक आहे. पण तो काळ वेगळा, ते ध्येय वेगळे. वन बीएचकेचे कर्ज तीन वर्षे आधी फिटावे म्हणून आपल्या घरातल्या बाईने रमाई व्हावे, ही अपेक्षा म्हणजे रमाईचा सन्मान नाही. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायाच्या घरात पैशाचा निर्णय एकट्या पुरुषाने घ्यायचा?

माझी जीवनसाथी खासगी दवाखान्यात परिचारिका आहे. करारनाम्यावर आम्हा दोघांची नावे, कर्जावर दोघांच्या सह्या. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवले की हिशेब दोघांचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारातून वंदना करून आलो की जेवणानंतर वही काढायची. त्या वहीत पाच नियम लिहिले. आजही ती वही घरात आहे.

पहिला नियम, सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते एवढी रक्कम बाजूला पडल्याशिवाय जादा रुपया बँकेत भरायचा नाही. दुसरा, आरोग्य विमा आणि मुदतीचा जीवन विमा आधी. मी उद्या नसलो तर कर्ज तिच्या गळ्यात पडू नये. तिसरा, मुलांच्या शिक्षणाचे आणि आई-नानांच्या औषधाचे पैसे कर्जाकडे वळवायचे नाहीत. चौथा, विहाराची वर्गणी, १४ एप्रिलची वर्गणी आणि चळवळीसाठीचा वेळ यांत कपात नाही. पाचवा, दोघांच्याही हातात थोडे असे पैसे, ज्यांचा हिशेब दुसऱ्याने मागायचा नाही. एवढे करून उरेल ते कर्जात.

नियम लिहिणे सोपे असते, कस लागतो तो प्रसंग आल्यावर. २०१७ साली बोनस आणि पगारवाढीची थकबाकी मिळून १ लाख २० हजार हातात आले. त्याच वर्षी तिला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी, शिवाय त्या काळात तिचा पगार बंद. एकीकडे मुद्दल सव्वा लाखाने उतरत होते, दुसरीकडे तिचे शिक्षण. वहीत दोन्ही बाजूंचे आकडे मांडले. ती शांतपणे म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे म्हणता. मग माझं शिक्षण घराच्या हिशेबात धरायचं की बाहेर?" आम्ही ते घराच्या हिशेबात धरले. पैसे फीला गेले. दोन वर्षे एक रुपयाही प्रीपेमेंट झाले नाही, माझ्या एकट्याच्या पगारात हप्ता आणि घर चालले. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सकाळचे डबे माझ्याकडे आले. पुढे तिला चांगल्या ठिकाणी नोकरी लागली, पगार जवळजवळ दीडपट झाला, आणि २०२० नंतर आम्ही जे मोठे हप्ते भरू शकलो ते त्या पदवीमुळे. पण मी तरुणांना सांगतो, पगार वाढला नसता तरी तो निर्णय योग्यच होता. शिक्षण हे कर्जफेडीचे साधन म्हणून आपल्याला बाबासाहेबांनी दिलेले नाही.

२०१९ मध्ये नाना पडले, खुब्याचे ऑपरेशन झाले. विम्यातून भागले नाही ते बाजूला ठेवलेल्या पैशातून भागवले. सावकार नाही, दागिने गहाण नाहीत, वैयक्तिक कर्ज नाही. पहिला नियम त्या दिवशी कामी आला. मग वर्षभर ती गंगाजळी पुन्हा भरली, आणि त्यानंतरच कर्जाकडे वळलो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि पुढे ऑगस्टअखेरपर्यंत हप्ता पुढे ढकलण्याची सवलत दिली. अनेकांना वाटले, हप्ता माफ झाला. माफ काही नव्हते, व्याज चालूच होते. सरकारने नंतर फक्त व्याजावरचे व्याज भरून दिले, मूळ व्याज नाही. ज्यांचा पगार थांबला त्यांनी ती सवलत घेतली ते बरोबरच. आमचा पगार कापून का होईना येत होता, म्हणून हप्ता चालू ठेवला. बायको दवाखान्यात ड्यूटीवर, मी घरी दोन पोरे आणि म्हातारे आई-वडील घेऊन. त्या दिवसांत कळले की घराचा हिशेब फक्त रुपयांत होत नाही.

आणि ओव्हरटाइमचे काय? कंपनीत रविवारचा ओव्हरटाइम मिळतो, पैसे चांगले. पण महिन्यातले दोन रविवार घरचे आणि विहाराचे, हे ठरलेले. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते तेव्हा तर तिन्ही महिने रविवारचा ओव्हरटाइम बंद. त्यामुळे कर्ज कदाचित एखादे वर्ष उशिरा फिटले असेल. मुलगी मात्र त्या वाचनात बसून मोठी झाली.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप हिशेबी मित्रांचा. ते म्हणतात, गृहकर्ज सगळ्यांत स्वस्त कर्ज, वर आयकरात सूट. जादा पैसे एसआयपीत टाक, जास्त मिळतील. यात तथ्य आहे, पण अर्धे. बाजारात परतावा मिळेल याची हमी नसते. प्रीपेमेंटने वाचणारे व्याज मात्र नक्की असते. करसूटही नीट पाहा. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे रुपयामागे वीस पैसे आणि वर थोडा उपकर वाचतो. म्हणजे बँकेला रुपया द्यायचा आणि सरकारकडून वीस पैसे वाचले म्हणून आनंद मानायचा. नव्या करप्रणालीत तर राहत्या घराच्या व्याजावर ही वजावटच नाही. ज्यांच्या मागे वडिलोपार्जित जमीन, दुकान, पाहुण्यांचे पाठबळ आहे, त्यांनी खुशाल जोखीम घ्यावी. आपल्या मागे कोणी नाही, हे धरून आपला हिशेब वेगळा असू शकतो. मात्र क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज असेल, तर आधी ते फेडा. त्यांचे व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असते.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या मित्रांचा, की हे सगळे मध्यमवर्गीय चोचले आहेत. मित्रांनो, चळवळ चालते कोणाच्या पैशावर? विहाराची फरशी, वाचनालयाची कपाटे, जयंतीचा मंडप, कोर्टातल्या केसचा खर्च, हे सगळे पगारदारांच्या वर्गणीतूनच उभे राहते. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहा. त्यांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. धेनुकाकटाच्या एका सुताराचे, सामीचे नावही तिथे दारावर कोरलेले आहे. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला आणि लेणे उभे राहिले. कर्जात बुडालेला माणूस वाटा उचलू शकत नाही. आज माझा हप्ता बंद झाला आहे. त्यातला ठरावीक भाग दरमहा विहाराच्या अभ्यासिकेला जातो, हे घरात सर्वांनी मिळून ठरवले. टोमणा मारणाऱ्या मित्राने एकदा अभ्यासिकेत येऊन बसावे.

हे माहीत असू द्या

काही नियम प्रत्येक कर्जदाराला पाठ हवेत. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केले. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडली जातात. तुमचे कर्ज जुन्या पद्धतीचे असेल, तर बदलून घेता येते का ते शाखेत जाऊन विचारा.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत वाढत गेली. काहींना ते कळलेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. म्हणून वर्षातून एकदा कर्जाचे स्टेटमेंट काढा आणि शिल्लक मुदत पाहा. जादा रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.

कर्ज फिटल्यावर काम संपत नाही. बाकी नसल्याचा दाखला घ्या. मूळ कागदपत्रे यादीप्रमाणे मोजून घ्या. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत बँकेने ती परत केली पाहिजेत. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सरसाय या केंद्रीय नोंदणीतला आणि गहाणखताच्या नोंदीतला बोजा उतरला का, सिबिलमध्ये खाते बंद दिसते का, हेही तपासा. आमच्या समाजात कागदाअभावी गेलेल्या जमिनींच्या गोष्टी कमी नाहीत.

ऋणमुक्तीच्या वरचे सुख

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने आणि सन्मार्गाने मिळवलेली संपत्ती असण्याचे सुख, ती योग्य रीतीने उपभोगण्याचे आणि दान देण्याचे सुख, कोणाचे ऋण डोक्यावर नसण्याचे सुख, आणि काया-वाचा-मनाने निर्दोष जगण्याचे सुख. ऋण नसण्याचे सुख तिसरे आहे. चौथ्याची सर पहिल्या तिघांना येत नाही, असेही तिथेच सांगितले आहे. मला या क्रमात सगळे उत्तर दिसते. कर्ज फेडा, लवकर फेडा. पण ते फेडताना घरातल्या कोणावर अन्याय होत असेल, तर तिसऱ्या सुखासाठी चौथे घालवले असे होईल.

मावळच्या भूमीत हे सांगायला संकोच वाटू नये. तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. शेजारी देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी आपण तिथे जातो, अभिवादन करतो. यंदा जाताना एक काम ठरवून घेऊ. आपापल्या विहारात महिन्यातून एक तास कर्जाच्या हिशेबाचा ठेवू. ज्याला व्याजाचे गणित येते त्याने शिकवावे, ज्याच्यावर कर्ज आहे त्याने न लाजता स्टेटमेंट आणावे, आणि नवरा-बायको दोघांनी मिळून यावे. एकट्या नवऱ्याला त्या तासाला प्रवेश नाही, एवढा एकच नियम.

जय भीम! नमो बुद्धाय!